वितळलेल्या शहात्तर कुप्या

कौमुदी गावंडे काय काम करते हे नव्या माणसाला कळलं, की तो हमखास विचारतो, "घरात कुणाला झालं होतं का?" आणि ती हमखास चिडते. मीही पहिल्या भेटीत तेच विचारलं होतं. ती म्हणाली, "मेंदूच्या गाठीचं काम करायला घरात कुणाला गाठ व्हावी लागते का? तुम्ही पोस्टात होत्या ना तीस वर्षं, विभाताई? तुमच्या घरी कुणाचं पत्र हरवलं होतं का?"

मला ती तिथेच आवडली. उगाच गोड बोलणारी माणसं मला सोसत नाहीत.

जयपूरच्या खातीपुऱ्यात आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक भिंत आहे. तिचे वडील पंढरीनाथकाका विमा कंपनीत अधिकारी होते. अकोल्याहून त्यांची इथे बदली झाली तेव्हा कौमुदी नऊ वर्षांची होती. तीन वर्षांसाठी आलेलं बिऱ्हाड जयपुरातच राहिलं. आई गेली, भाऊ पुण्याला गेला, कौमुदीने लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी विचारलेलं नाही. आता ती सत्तेचाळीस वर्षांची आहे. घरात वऱ्हाडी वळणाचं मराठी बोलते, मध्येच 'मतलब' येतं, आणि चिडली की हिंदीवर जाते. फार चिडली की मात्र परत मराठीवर येते. पुढे सांगते आहे त्या वर्षभरात ती माझ्याशी जवळजवळ मराठीतच बोलली.

शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात ती तंत्रज्ञ आहे. मेंदूची शस्त्रक्रिया चालू असली की ती थिएटरच्या दाराशी बर्फाचा डबा घेऊन उभी राहायची. काढलेल्या गाठीचा तुकडा हातात आला की काही मिनिटांत तो गोठवायचा, कुपीत घालायचा, क्रमांक लिहायचा, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि वहीत नोंद करायची. हे काम तिने वीस वर्षं केलं. त्या वीस वर्षांत तिच्या वहीत एक खाडाखोड नव्हती. हे मी तिच्या कौतुकासाठी सांगत नाही. पुढचं भांडण त्या वहीवरूनच झालं.

तिथले मेंदूचे सर्जन डॉ. परीक्षित भार्गव यांनी एक अभ्यास सुरू केला होता. दुसऱ्या एका कर्करोगावर चालणारी एक गोळी होती. काचेच्या बशीत ते औषध मेंदूच्या गाठीच्या पेशी मारतं, एवढं दिसलेलं होतं. पण माणसाने गोळी गिळली तर औषध गाठीपर्यंत पोचतं का? मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातल्या बहुतेक गोष्टी बाहेरच अडतात. विष अडतं तसं औषधही अडतं. गाठीच्या मध्यभागी या भिंती फाटलेल्या असतात, तिथे औषध शिरू शकतं. अडचण असते ती गाठीच्या काठाला. काठावरच्या पेशी चांगल्या मेंदूत घुसलेल्या असतात, तिथल्या भिंती शाबूत असतात, आणि गाठ परत येते ती तिथूनच.

म्हणून रुग्णाने शस्त्रक्रियेच्या आधी तीन दिवस ती गोळी घ्यायची. गाठ काढताना जो भाग तसाही काढायचाच आहे, त्यातला एक तुकडा मधला आणि एक काठचा ठेवायचा. मग दोन्हींमध्ये औषध किती आहे ते मोजायचं. मोजण्याचं यंत्र हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत होतं. सगळे तुकडे जमले की एकदमच तिथे पाठवायचे, असं ठरलं होतं. चार वर्षांत अडतीस माणसं झाली. अडतीस माणसांच्या शहात्तर कुप्या.

या माणसांना समजावून सांगण्याचं काम कौमुदीकडे होतं. डॉक्टरांकडे दहा मिनिटं असायची, ती तास तास बसायची. आणि ती खोटं बोलायची नाही. "या गोळीने तुम्हाला फायदा होणार नाही," ती सरळ सांगायची. "झाला तर तुमच्यानंतर येणाऱ्यांना होईल. नाही म्हणालात तरी तुमचं ऑपरेशन तसंच होईल, त्यात काही कमी होणार नाही." काही जण नाही म्हणायचे. ती त्यांना पाणी द्यायची आणि कागद परत घ्यायची.

चाकसूचे सुखदेवजी रोडवेजच्या बसमध्ये कंडक्टर होते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीचं ऐकून ते हसले होते. "मतलब दिमाग़ के दरवाज़े पर भी कोई कंडक्टर खड़ा है, और मुझसे सख़्त है," म्हणाले आणि सही केली. त्यांची बायको द्वारका शेजारी बसली होती. ती हसली नव्हती.

हे सगळं नीट चाललं होतं. गेल्याच्या गेल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत.

त्या जानेवारीत रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं. रविवारी मोठे पाहुणे येणार होते आणि त्यांचा रस्ता संशोधन विभागाच्या बोळातून जात होता. फ्रीझर त्या बोळातच होता. खोलीत जागा नाही म्हणून चार वर्षं तो तिथेच होता आणि तोवर कुणाला त्याची अडचण झाली नव्हती. आता पाहुण्यांच्या फोटोत जुना फ्रीझर नको, म्हणून शनिवारी सकाळी चार जणांनी तो ढकलत भांडारखोलीत नेला आणि तिथल्या प्लगला जोडला. हलवल्यामुळे त्याची धोक्याची घंटी वाजायला लागली. बाहेर स्वागतगीताची तालीम चालली होती, म्हणून कुणीतरी घंटीची तार काढून टाकली. संध्याकाळी मंडपातल्या दिव्यांना वीज कमी पडली, तेव्हा भांडारखोलीची लाइन बंद करून मंडपाला देण्यात आली.

कौमुदी शुक्रवारपासून रजेवर होती. काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिला कुणी एक फोन केला नाही.

सोमवारी सकाळी ती गेली तेव्हा बोळात फ्रीझरच्या जागी शेवंतीच्या कुंड्या होत्या. तिने भांडारखोली उघडली तर चपलेखाली पाणी लागलं. फ्रीझरच्या आतलं तापमान अधिक सात होतं.

दहाच्या सुमाराला मला तिचा फोन आला. मला आधी ती काय बोलते तेच कळेना. "दिवे लावले ह्यांनी, विभाताई! मंडपात दिवे लावले!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

फोन ठेवल्यावर तिने काय काय केलं ते तिने मला नंतर क्रमाने सांगितलं. पाण्याचे फोटो काढले. काढलेल्या तारेचा फोटो काढला. फ्रीझरमध्ये तापमान नोंदवणारं एक छोटं यंत्र असतं, त्याची बॅटरी वेगळी असते. वल्लरी नावाची एक मुलगी त्याच अभ्यासावर पीएचडी करत होती, तिला बोलावून त्या यंत्रातली माहिती लॅपटॉपवर उतरवून घ्यायला सांगितली. विजेचं काम पाहणाऱ्या दशरथला विचारलं, लाइन कुणी बंद केली. तो म्हणाला, "मी केली. वरून फोन आला, लाइन द्या. आत काय ठेवलंय ते मला कुणी सांगितलंच नाही." कौमुदीने ते वहीत लिहिलं आणि त्याची सही घेतली. मग ती डॉ. भार्गवांकडे गेली.

डॉक्टर वाईट माणूस नाहीत, हे कौमुदीही कबूल करते. हात फार चांगला आहे त्यांचा. ऐकल्यावर ते डोकं धरून बसले. पण दुपारपर्यंत त्यांना वाट सुचली होती. त्यांनी कौमुदीला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"परत गोठवून टाका," ते म्हणाले. "बुधवारी हैदराबादला जाणारच आहेत. औषध काही उडून जात नाही."

"सर, वितळून पडलेत ते. मधला तुकडा काय आणि काठाचा काय, सगळ्याचा लगदा झालाय. त्यात रक्त मिसळलंय. औषध किती मोडलं ते कसं कळणार? आकडा येईल सर, पण तो कशाचा आकडा आहे हे तुम्हालाही सांगता येणार नाही."

"ते मी बघतो. वहीत शनिवार-रविवारची नोंद राहिली आहे ना?"

"राहिलेली नाही. आज सकाळी जे दिसलं ते मी लिहिलंय."

"ते पान बदलून घेऊ. उणे ऐंशी लिहून टाका."

"घेऊ म्हणजे कोण?"

"वही तुमच्याकडे असते, कौमुदीजी."

"वही माझ्याकडे असते म्हणूनच नाही बदलणार."

मग त्यांचा आवाज चढला. "तुम्ही टेक्निशियन आहात. संशोधनातलं काय टिकतं आणि काय नाही, ते मला ठरवू द्या."

"ठरवा. सही माझी मिळणार नाही."

ती बाहेर आली, एक खुर्ची उचलून भांडारखोलीत नेली आणि दार उघडं ठेवून बसली. पुसला न जाणारा मार्कर घेतला. एकेक कुपी काढायची, तिच्यावर 'वितळली' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आणि तारीख लिहायची, आणि परत खणात ठेवायची. शहात्तर वेळा. कुप्यांवर नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. पण तिला सगळी नावं पाठ होती. सतरा नंबर मुरलीपुऱ्यात लेथ चालवणारे होते. मुलीचा बारावीचा निकाल लागेपर्यंत तरी मला उभं ठेवा म्हणत होते. चोवीस नंबर नर्सिंग शिकणारी मुलगी होती. तिने संमतीचा कागद चार वेळा वाचला होता आणि त्यातली एक चूक काढून दिली होती. एकतीस नंबर सुखदेवजी होते. लोक दारातून डोकावून जात होते. कुणी आत आलं नाही.

"रडू नाही आलं?" मी तिला विचारलं.

"रडायचं काय त्यात? मला कुणाच्या तरी थोबाडीत मारायची होती. मारता येत नव्हती म्हणून लिहीत बसली."

त्या कुप्या आता ताज्या म्हणून कुठेच पाठवता येणार नव्हत्या. दोन दिवसांनी तिला नोटीस आली. 'नमुन्यांची हेतुपुरस्सर नासधूस' असा आरोप होता. रजेवर जाताना पर्यायी व्यवस्था केली नाही, असा दुसरा. तापमान नोंदवणारं यंत्र कुठे सापडत नव्हतं; त्यातून उतरवलेल्या नोंदी फक्त वल्लरीच्या लॅपटॉपवर होत्या. दशरथला चौकशीसाठी बोलावलं होतं, आणि सगळं त्याच्याच डोक्यावर घालायचं चाललं होतं. कौमुदीची बदली तळमजल्यावर, रक्त घेण्याच्या खिडकीवर झाली.

मी तीस वर्षं सरकारी कागद वाचले आहेत. असा कागद मात्र पाहिला नव्हता. काका काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. म्हणाले, "माझ्या डोळ्यापायी झालं हे, बेटा. तू तिथं असतीस तर..."

"बाबा, तुमच्या डोळ्याचं नाव घेऊ नका," ती कडाडली. "डोळे ह्यांचे फुटले होते."

त्याच आठवड्यात वल्लरी घरी आली. नाशिकची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीसची, इथे भाड्याच्या खोलीत राहणारी. मी तिथेच होते. तिने चहाला हातही लावला नाही.

"कौमुदीताई, सर म्हणतात एक पत्र द्या. वितळले होते, पण थोडेच, एवढंच लिहा. मग हैदराबादवाले मोजतील. नाहीतर माझी चार वर्षं गेली. मी काय दाखवू? घरी काय सांगू?"

"खरं सांग."

"तुम्हाला सोपं आहे. तुमची नोकरी पक्की आहे."

"हो, रक्त काढायची. बघून राहिलीस ना?"

वल्लरी रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "आणि ती माणसं तर गेलीच असती ना, ताई. आपण काही त्यांना मारलं नाही."

कौमुदी उठून उभी राहिली. मला वाटलं ही आता मुलीला हाताला धरून बाहेर काढते. पण ती अगदी हळू बोलली. "गेलीच असती. आणि जाताना काहीतरी देऊन गेली. तुला दिलं, मला दिलं. ते आपण सांभाळलं नाही. आणि आता त्यांच्या नावावर तू खोटा आकडा छापणार. उठ. घरी जा. परत यायचं असेल तर हे वाक्य बाहेर ठेवून ये."

वल्लरी गेली. त्या दिवशी मला त्या मुलीची दया आली, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. कौमुदी माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

तिने रुग्णालयाच्या नीतिसमितीला पत्र लिहिलं. माणसांवर होणाऱ्या संशोधनावर लक्ष ठेवायला अशी समिती असते. उत्तर दीड महिन्याने आलं: विषय अंतर्गत आहे, कर्मचाऱ्याने योग्य मार्गाने यावं. कौमुदीने तो कागद माझ्यासमोर धरला. "अंतर्गत! ज्यांच्या डोक्यातून काढलं ते बाहेरचे, आणि ज्यांनी सडवलं ते अंतर्गत!" त्यांना कळवायला नको का, असा तिचा एकच प्रश्न होता. अडतीसपैकी बावीस माणसं तोवर गेली होती, सुखदेवजीही. पण घरं होती ना त्यांची.

चैत्रातला शीतलामातेचा मेळा उरकला आणि पुढच्या रविवारी आम्ही माझ्या गाडीने चाकसूला गेलो. टोंक रोडवर मेळ्याचे फाटके मंडप अजून उभे होते. द्वारकाचं घर शोधायला त्रास झाला नाही. 'कंडक्टरसाहब का घर' सगळ्यांना माहीत होतं. ती दारातच गहू निवडत बसली होती. कौमुदीला तिने लगेच ओळखलं, ओढणी सावरून खाट ओढली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. तिला वाटलं, आम्ही भेटायला आलो आहोत.

कौमुदीने पाणी प्यायच्या आधी सांगून टाकलं. काय झालं, कुणामुळे झालं, सुखदेवजींच्या दोन्ही कुप्या कशा निरुपयोगी झाल्या. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. हिंदीत बोलत होती, पण शब्द अडखळत होते. असं तिचं कधी होत नाही.

द्वारकाचे हात गव्हावर थांबले. तिने हातातला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "ती गोळी घेतल्यावर त्यांना तीन दिवस उलट्या होत होत्या, मैडमजी. पाणी टिकत नव्हतं. मी म्हटलं, फेकून द्या. ऑपरेशन तर होणारच आहे. ते म्हणाले, मैडम को ज़बान दी है. आणि ओकून परत दुसरी गोळी घेतली."

कौमुदीने मान खाली घातली.

"आता तुम्ही कशाला आलात? ऐकवायला? तुमच्या मनावरचं ओझं माझ्या दारात उतरवायला?" द्वारकाचा आवाज वाढत गेला. शेजारच्या बायका बाहेर आल्या. "ते तर गेले. मला वाटत होतं, कुणाच्या तरी कामाला येऊन गेले. एवढंच धरून बसले होते मी. तेही आज तुम्ही घेऊन चाललात!"

मी कौमुदीचा दंड धरला. वाटलं, निघावं. पण ती हलली नाही. "तुम्ही म्हणता ते खरं आहे," ती म्हणाली. "पण तुम्हाला न सांगता ते खोटं छापणार होते. मला ते सहन झालं नाही."

द्वारकाने सूप बाजूला सारलं. "तो तुकडा कुठे आहे?"

"रुग्णालयातच आहे."

"आमचा आहे तो. परत द्या म्हणावं. त्यांना काय करायचं होतं ते त्यांनी केलं नाही, मग ठेवायचा कशाला? मी मागते. कुणाकडे मागायचा?"

याचा विचार आम्ही दोघींपैकी कुणीच केला नव्हता. समितीला कर्मचाऱ्याचं पत्र परत पाठवता येतं. ज्याने आपल्या शरीराचा तुकडा दिला त्याच्या विधवेचा अर्ज कसा परत पाठवणार? तिथेच खाटेवर बसून मी हिंदीत अर्ज लिहिला. शब्द द्वारकाचे होते, मी फक्त तारीख आणि विषय घातला. तिने सही केली, वाचून, सावकाश. पुढच्या दोन महिन्यांत अशा अकरा घरांचे अर्ज झाले. काही घरांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. नर्सिंग शिकणारी मुलगी जिवंत होती. तिने स्वतःचा अर्ज स्वतः लिहिला, आणि तो आमच्या सगळ्या अर्जांपेक्षा कडक होता.

जुलैमध्ये समितीला सुनावणी घ्यावीच लागली. कौमुदी आणि द्वारका आत गेल्या. मी बाहेरच्या बाकावर बसले. नंतर कौमुदीने सांगितलं त्यावरून लिहिते. डॉ. भार्गव म्हणाले की नमुने किती वेळ वितळलेले होते याचा पुरावाच नाही, कदाचित एखादा तासच असेल. यंत्र हरवलं आहे. तेव्हा दार उघडून वल्लरी आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिने लॅपटॉपवर उतरवलेल्या नोंदी छापून आणल्या होत्या. शनिवारच्या संध्याकाळपासून सोमवारच्या सकाळपर्यंत चढत गेलेली ती रेघ तिने टेबलावर ठेवली. "चाळीस तास," म्हणाली, आणि डॉक्टरांकडे न बघता भिंतीला टेकून उभी राहिली.

मग द्वारकाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. ती म्हणाली, "इथे एसी चालू आहे, पंखे चालू आहेत, एवढे दिवे चालू आहेत. माझ्या माणसाच्या डब्याचीच वीज कशी कमी पडली?"

अभ्यास रद्द झाला. दशरथवरचा ठपका निघाला. कौमुदीवरची नोटीस मागे घेतली, पण बदली मागे घेतली नाही. डॉ. भार्गव नव्या इमारतीत विभागप्रमुख म्हणून बसले. हे ऐकून मी माझ्याच घरात एक कप आपटून फोडला. ज्यांनी मागितले त्यांना तुकडे मात्र परत मिळाले. द्वारकाने मुलाला घेऊन येऊन आपले नेले. पुढे त्यांचं काय केलं ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

समितीने आणखी एक ठरवलं होतं: अडतीस घरांना पत्र जावं. बहुतेकांनी घरं बदलली होती, रुग्णालयाकडचे पत्ते जुने होते. नवे पत्ते फक्त कौमुदीकडे होते. ती म्हणाली, देते, पण पत्र आधी मला वाचू द्या. आलेल्या मसुद्यात लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणांमुळे नमुने उपयोगात आणता आले नाहीत.'

"तांत्रिक कारण म्हणजे काय, विभाताई?"

"काही नाही. आम्ही पोस्टातही तेच लिहायचो," मी खरं ते सांगितलं.

तिने मसुदा परत पाठवला. दुसरा आला: 'अपरिहार्य परिस्थितीमुळे.' तोही परत. तिसऱ्यात 'खेद' होता, कारण नव्हतं. रक्ताच्या खिडकीवर बसून तिने तीन महिने हे चालवलं. वरिष्ठ येऊन समजावून गेले, एकाने दमही दिला. शेवटी ऑक्टोबरात जे पत्र आलं त्यात एक वाक्य होतं: 'हमारी लापरवाही से आपका दिया हुआ नमूना नष्ट हुआ।' खाली डॉ. भार्गवांची सही होती. त्या दिवशी तिने पत्ते दिले. पाकिटं मी केली, खातीपुऱ्याच्या पोस्टातून रजिस्टर केली. तीन परत आली, घर बंद म्हणून.

इथे मला वाटलं होतं, संपलं.

वल्लरीने नव्याने काम सुरू केलं होतं. दुसरे डॉक्टर, दुसरा फ्रीझर, दोन घंट्या, आणि कुप्या महिन्याच्या महिन्याला मोजायला पाठवायच्या. औषध तेच. गेल्या महिन्यात तिने फोन केला. कौमुदी आमच्याकडे भाजी निवडत बसली होती, तिने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, पहिल्या बारा जणांचे आकडे आले. मधल्या तुकड्यात औषध आहे. काठाच्या तुकड्यात जवळजवळ नाहीच."

"मतलब पोचत नाही."

"जिथे पोचायला पाहिजे तिथे नाही पोचत. आधीच्या अडतीस जणांचं नीट मोजलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं."

फोन संपला. कौमुदीने पुन्हा मेथीची जुडी हातात घेतली. मी म्हटलं, "चला, उत्तर तर मिळालं." माझंच चुकलं.

"उत्तर?" ती उसळली. "विभाताई, या शहरात किती डॉक्टर मेंदूच्या गाठीला हीच गोळी लिहून देतात, माहीत आहे? बशीत चालली म्हणून. दोन वर्षं लोकं ही गोळी गिळून राहिले, उलट्या करून राहिले, आणि ती काठापर्यंत जातच नाही! दोन वर्षांपूर्वी कळलं असतं ना हे. कोण जाऊन सांगणार आता त्यांना? छापून यायला अजून वर्ष लागेल."

"तू सांगणार आहेस का?"

"वल्लरीच्या डॉक्टरला विचारीन आधी. तो म्हणाला छापून आल्यावर बघू, तर मग मी बघते."

काका दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "बेटा, जरा शांत हो. किती दिवस चिडून राहशील?"

"बाबा, शांत झाली तर मला हे काम जमणार नाही," ती म्हणाली, आणि मेथी तशीच टाकून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी एक वाजता ती वल्लरीच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर खुर्चीवर बसली होती. त्यांनी तिला साडेतीनला आत बोलावलं.